उकिरड्यातली दप्तरं : ग्रीक पपायरसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पपायरस म्हणजे नेमकं काय?

नाईलच्या काठच्या दलदलीत वाढणारी उंच पाणवनस्पती, लव्हाळ्याच्या कुळातली. महापुरात तग धरणारी म्हणून आपण जी लव्हाळी ओळखतो, तिची ही थोराड बहीण. तिच्या खोडातला पांढरा गर उभा चिरून पातळ पट्ट्या काढायच्या, त्यांचा एक थर उभा मांडायचा, त्यावर दुसरा आडवा, मग दाबून वाळवायचं. रसामुळेच दोन्ही थर एकजीव होतात. अशी पानं कडेला कडा चिकटवून गुंडाळी तयार होई आणि लागेल तेवढा तुकडा कापून घेतला जाई. लिहायला बोरू, शाई काजळीची आणि डिंकाची. काजळी उडत नाही, म्हणून दोन हजार वर्षांनीही अक्षर काळंभोर दिसतं.

‘ग्रीक पपायरस’ म्हणजे ज्यावरचा मजकूर ग्रीक भाषेत आहे असे पपायरस. लिहिणारा ग्रीक असेलच असं नाही.

मजकूर ग्रीक, मग सापडतात इजिप्तमध्ये कसे?

अलेक्झांडरने इ.स.पू. ३३२ मध्ये इजिप्त घेतला. त्याच्यामागे त्याचा सेनापती टॉलेमी याच्या घराण्याने तिथे सुमारे तीनशे वर्षं राज्य केलं. इ.स.पू. ३० मध्ये रोमन आले, पण कचेरीची भाषा ग्रीकच राहिली. सातव्या शतकात अरबांनी देश जिंकल्यावरही काही दशकं ग्रीकमध्ये पावत्या फाडल्या जात होत्या. म्हणजे जवळजवळ हजार वर्षं इजिप्तच्या गावागावांत सारा, खरेदीखत, तक्रार, हजेरीपट सगळं ग्रीकमध्ये चालत होतं.

दुसरं कारण हवेचं. खुद्द ग्रीसमध्ये पाऊस पडतो आणि पपायरस कुजतो. तिथला सर्वात प्रसिद्ध अपवाद देर्वेनीचा. १९६२ मध्ये थेस्सालोनिकीजवळच्या एका दफनस्थळी ती गुंडाळी मिळाली, आणि ती टिकली कारण चितेत अर्धवट जळून तिचा कोळसा झाला होता. इजिप्तमध्येही सगळीकडे टिकत नाही. नाईलचा त्रिभुज प्रदेश ओला, त्यामुळे एवढं मोठं ग्रंथालय असलेल्या अलेक्झांड्रियाच्या मातीत जवळजवळ काहीच उरलं नाही. तिथले जे कागद आपल्याकडे आहेत तेही दुसरीकडे, ममींच्या वेष्टणात सापडलेले.

ममींच्या वेष्टणात?

हो. टॉलेमींच्या काळात कचेरीतली जुनी कागदपत्रं रद्दीत जात. ती थरांवर थर चिकटवून, वर गिलावा देऊन ममींचे मुखवटे आणि छातीवरचे पट्टे बनवत. आज ते थर सोडवले की आतून जमिनीच्या मोजण्या निघतात. १८९९-१९०० च्या हंगामात तेब्तुनिस इथे तर मगरींच्या ममी निघाल्या. माणसांच्या ममी शोधणारा एक मजूर वैतागला आणि त्याने एक मगर फोडली, तर ती पपायरसमध्ये गुंडाळलेली. त्यातून केर्केओसिरिस गावच्या मेन्खेस नावाच्या लेखनिकाचं दप्तर मिळालं: इ.स.पू. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस गावातला कोणता तुकडा पेरला, कोणता खारावला, कोणाकडे किती गहू थकला.

सर्वात मोठा साठा कुठला?

ऑक्सिरिंकस. कैरोच्या दक्षिणेला सुमारे १६० किलोमीटरवर, आजचं अल-बहनसा. बर्नार्ड ग्रेनफेल आणि आर्थर हंट हे ऑक्सफर्डचे दोन तरुण १८९६-९७ च्या हिवाळ्यात तिथे गेले. शहराच्या इमारती जवळजवळ नाहीशा झाल्या होत्या, दगड लोकांनी कधीच नेले होते. उरले होते ते गावाबाहेरचे उकिरडे. शतकानुशतकं तिथे टोपल्यांनी कचरा टाकला गेला, त्यात कचेऱ्यांची जुनी दप्तरंही. पाऊस नाही, नदीचं पाणी तिथवर चढत नाही, वरून वाळूचं पांघरूण. १९०३ ते १९०७ ते पुन्हा दर हिवाळ्यात गेले. सगळे मिळून सुमारे पाच लाख तुकडे ऑक्सफर्डला आले.

पहिला खंड १८९८ मध्ये निघाला. आज ऐंशीहून अधिक खंड झाले आहेत आणि पाच हजारांच्या वर मजकूर छापले गेले आहेत. पाच लाखांपैकी! अर्थात बरेच तुकडे नखाएवढे आहेत, पण काम संपायला अजून पिढ्या लागतील हे उघड आहे.

मग हरवलेली नाटकं, कविता मिळाल्या की नाही?

मिळाल्या. कवयित्री सॅफोच्या ओळी मिळाल्या, नाटककार सोफोक्लीसच्या एका हरवलेल्या नाटकाचा मोठा भाग मिळाला. ॲरिस्टॉटलच्या नावे असलेला अथेन्सच्या राज्यव्यवस्थेवरचा ग्रंथ लंडनमध्ये १८९१ साली प्रसिद्ध झाला, तो इ.स. ७८-७९ च्या एका शेतीच्या हिशेबाच्या पाठकोऱ्या बाजूवर उतरवलेला होता. पहिल्या संशोधकांना हेच हवं होतं. पण ऑक्सिरिंकसच्या साठ्यात साहित्य साधारण दहातलं एखादं. बाकी नऊ पानांवर जमाखर्च, अर्ज आणि घरची पत्रं. मला विचाराल तर खरं घबाड त्या नऊ पानांत आहे, कारण तो ग्रंथ ग्रंथ म्हणूनच लिहिला गेला होता. हिशेब लिहिणाऱ्याला मात्र आपलं कोणी पुढे वाचील याची कल्पनाही नव्हती.

एखाद्या पत्राचा नमुना?

थेऑन नावाच्या मुलाचं घ्या, इ.स. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातलं. बाप त्याला घरी ठेवून शहरात गेला. मुलगा लिहितो, अर्थात अशुद्ध: छान केलंत हं, मला नेलं नाहीत. अलेक्झांड्रियाला नेणार नसाल तर मी तुम्हाला पत्र लिहिणार नाही, तुमच्याशी बोलणार नाही, तुमचं कुशलही विचारणार नाही. आई आर्केलाऊसला म्हणाली, हा मला वैताग आणतो, घेऊन जा याला. मला वीणा पाठवा. नाही पाठवलीत तर जेवणार नाही, पाणी पिणार नाही, बस्स!

वीणा म्हणजे अर्थात त्यांची लायर. आली की नाही, कळायला मार्ग नाही.

फौजेत गेलेल्या मुलांची पत्रं तर वाचतच राहावीत अशी. फिलाडेल्फिया गावचा आपिऑन रोमन आरमारात भरती झाला आणि इटलीतल्या मिसेनम बंदरातून बापाला लिहितो: समुद्रात जीव धोक्यात होता, सारापिस देवाने वाचवलं, प्रवासखर्चाचे तीन सोन्याचे शिक्के मिळाले, माझं चित्र काढून पाठवलं आहे, आणि आता माझं नाव अँटोनियस मॅक्सिमस. इजिप्शियन खेड्यातलं पोर पगाराबरोबर रोमन नावही घेऊन बसलं आहे, आणि बापाला ते अभिमानाने कळवतंय. याच्या उलट ऑरेलियस पोलिऑन. तो पॅनोनियात, म्हणजे आजच्या हंगेरीच्या बाजूला, सैन्यात होता. तेब्तुनिसला असलेल्या भावाबहिणीला आणि भाकरी विकणाऱ्या आईला तो लिहितो की मी सहा पत्रं पाठवली, तुमचं एकही नाही. हे पत्र शंभराहून अधिक वर्षांपूर्वी सापडलं, पण पूर्ण वाचून प्रसिद्ध व्हायला २०१२ उजाडलं.

आणि एउदायमोनिस. तिचा मुलगा अपोलोनिओस जिल्ह्याचा अधिकारी, इ.स. ११५ ते ११७ च्या ज्यूंच्या बंडात तो ऐन धामधुमीत अडकला. म्हातारी बजावते की मुलगा सुखरूप हाती येईपर्यंत मी देवाकडे लक्ष देणार नाही. आपल्याकडे देव पाण्यात ठेवतात, हिने सरळ देवाशी अबोला धरला.

हिलारिऑनच्या त्या पत्राबद्दल बरंच ऐकलं आहे. ते खरं आहे का?

खरं आहे. तारीखसुद्धा आहे: १७ जून, इ.स.पू. १. हिलारिऑन मजुरीसाठी अलेक्झांड्रियात आहे. घरी गरोदर असलेल्या आलिसला तो लिहितो: बाकीचे परतले आणि मी इथे राहिलो तरी काळजी करू नकोस. धाकट्याला जप. मजुरी मिळाली की लगेच पाठवतो. बाळंत झालीस आणि मुलगा झाला तर राहू दे, मुलगी झाली तर टाकून दे. मग लगेच पुढे: तू निरोप धाडलास की मला विसरू नकोस; तुला कसा विसरेन मी?

या दोन वाक्यांमध्ये त्याला काही विसंगत वाटलेलं नाही. म्हणूनच हे पत्र इतकं अंगावर येतं. त्याला राक्षस ठरवून मोकळं होणं सोपं आहे, पण पत्राचा बाकीचा भाग तसं करू देत नाही. आणि मुलगी नको असणारा घरातला प्रेमळ माणूस आपल्या ओळखीचा नाही, असं निदान आपण तरी म्हणू नये.

टाकलेल्या मुलांचं काय होत असे?

काही मरत. काहींना लोक उकिरड्यावरून उचलून गुलाम म्हणून वाढवत. इ.स. ४९ मधला एक खटला पूर्ण सापडला आहे. ऑक्सिरिंकसच्या पेसूरिसने उकिरड्यावरून एक मुलगा उचलला आणि सारायूस नावाच्या बाईला पैसे देऊन दूध पाजायला ठेवला. तिलाही तेवढंच तान्हं होतं. दोघांतलं एक मूल गेलं. पेसूरिसचं म्हणणं, जिवंत आहे तो माझा. सारायूसचं, तुमचा गेला, हा माझा. अधिकाऱ्याने मुलाचा चेहरा पाहिला, तो सारायूसवर गेलेला दिसला, आणि निकाल दिला: नवराबायकोने लेखी द्यावं की सांभाळायला दिलेलं मूल वारलं, घेतलेले पैसे परत करावेत, मूल तिचं.

सारायूसचा नवरा ट्रायफॉन हा विणकर. त्याच्या घरची बरीच कागदपत्रं मिळाल्याने या एका कुटुंबाची गोष्ट पुष्कळशी जुळवता येते. पहिली बायको देमेत्रूस घरातल्या वस्तू घेऊन निघून गेल्याची त्याची तक्रार आहे. इ.स. ५२ मध्ये डोळ्यांत मोतीबिंदू असल्याने त्याला सरकारी सूट मिळाली. विणकराचे डोळे गेले म्हणजे काय ते समजून घ्या. इ.स. ६६ मध्ये त्याने मुलगा थोओनिस याला वर्षभर दुसऱ्या विणकराकडे शिकायला ठेवल्याचा करार आहे.

लोक कशाकशाची तक्रार करत?

कशाचीही. आणि थेट राजाच्या नावे! इ.स.पू. २१८ मध्ये हेराक्लेइदेस नावाचा गृहस्थ प्सिया गावी गेला असता प्सेनोबास्तिस नावाच्या बाईने खिडकीतून त्याच्या अंगावर मूत्र ओतलं. त्याने जाब विचारला तर तिने त्याची वस्त्रं ओढली आणि तोंडावर थुंकली. साक्षीदार होते, असंही तो नोंदवतो. त्याच सुमारास फिलिस्ता नावाच्या बाईची तक्रार आहे: स्नानगृहातल्या पेतेखोन या नोकराने कढत पाणी ओतलं, पोट आणि डावी मांडी गुडघ्यापर्यंत भाजली.

माझी आवडती मात्र मसूरवाल्याची. फिलाडेल्फिया गावात शिजवलेली मसूर विकणारा हारेन्तोतेस लिहितो की लोक भाजलेले भोपळे विकायला बसतात, त्यामुळे माझी मसूर कोणी घेत नाही. सारा भरायला जरा मुदत द्या. हे पत्र झेनॉनच्या दप्तरात आहे. झेनॉन हा दुसऱ्या टॉलेमीच्या अर्थमंत्र्याच्या जहागिरीचा कारभारी, इ.स.पू. तिसऱ्या शतकाच्या मध्यातला. त्याने कागद जपून ठेवण्याची सवय लावून घेतली होती, म्हणून आज सुमारे दोन हजार कागद आपल्या हाती आहेत. त्यातच एका बिगर-ग्रीक नोकराची तक्रार आहे की मला ग्रीकांसारखं वागता येत नाही म्हणून पगार देत नाहीत. परक्या राजवटीत गावकऱ्याचं कुठे दुखत होतं, ते या एका ओळीत आहे.

सगळ्यांना लिहिता येत होतं का?

मुळीच नाही. बहुतेक पत्रं आणि अर्ज पैसे घेऊन लिहिणाऱ्यांनी लिहिलेले, आणि खाली ‘अमुकला लिहिता येत नाही म्हणून मी तमुकने लिहिलं’ अशी ओळ. पण पेताउसचं प्रकरण त्याहून मजेदार. इ.स. १८४ च्या सुमारास तो ग्रामलेखनिक होता, म्हणजे गावचा तलाठी म्हणा, आणि त्याला नीट लिहिता येत नव्हतं! त्याचा सरावाचा कागद सापडला आहे. ‘मी पेताउस, ग्रामलेखनिक, हे सादर केलं’ एवढंच वाक्य तो पुन्हा पुन्हा गिरवतो. मध्येच एका शब्दाचं पहिलं अक्षर गळतं आणि पुढच्या ओळींत तो गळकाच शब्द उतरवत जातो. शेजारच्या गावच्या लेखनिकाविरुद्ध निरक्षर असल्याची तक्रार आली तेव्हा चौकशी याच पेताउसकडे आली. त्याचा अहवाल: तो निरक्षर नाही, कागदांवर सही करतो.

बायकांना काही हक्क होते का?

होते, आणि करारात ते घालून घेतलेले दिसतात. तारीख असलेला सर्वात जुना ग्रीक पपायरस हा एक लग्नाचा करारच आहे: इ.स.पू. ३१०, एलेफंटाइन बेटावरचा. देमेत्रिया हजार द्राख्मा (चांदीची नाणी) किमतीचं कपडेदागिन्यांचं स्त्रीधन घेऊन येते. नवऱ्याने दुसरी बाई घरात आणायची नाही, दुसरीपासून मुलं होऊ द्यायची नाहीत. तसं तीन साक्षीदारांसमोर सिद्ध झालं तर स्त्रीधन परत आणि वर आणखी हजार.

रोमन काळात व्यवहार करताना बाईला बहुधा पुरुष पालक लागे. तीन मुलं असलेल्या नागरिक स्त्रीला त्यातून सूट होती. इ.स. २६३ मध्ये लोलियाने हिने अर्ज करून हा हक्क नोंदवायला लावला आणि आवर्जून घातलं की मला लिहिता येतं, आणि तेही सहज.

भाऊबहिणीची लग्नं होत होती हे खरं?

खरं. रोमन इजिप्तमध्ये दर १४ वर्षांनी घरोघर शिरगणती होई. तिचे सुमारे तीनशे अर्ज उरले आहेत. त्यांतल्या लग्नांपैकी साधारण सहातलं एक सख्ख्या किंवा सावत्र भावंडांचं आहे. दत्तक मुलांपासून वारसाहक्कापर्यंत अनेक खुलासे पुढे आले, एकानेही सगळ्यांचं समाधान झालेलं नाही. पत्रं वाचताना एक खबरदारी: नवरे बायकोलाही ‘बहीण’ म्हणत, त्यामुळे दर वेळी नात्याचा निष्कर्ष काढू नये. त्याच अर्जांवरून जन्मतः सरासरी आयुर्मान २२ ते २५ वर्षांच्या घरात असावं असा अंदाज आहे. बालमृत्यू फार होते.

करमणूक?

आमंत्रणं चार ओळींची: उद्या १५ तारखेला सारापिसच्या देवळात, देवाच्या पंगतीला, नवव्या तासाला जेवायला या. नववा तास म्हणजे दुपारचे साधारण तीन. शिवाय इ.स. २६७ मधला एक लेखी करार आहे: अँटिनोपोलिसच्या स्पर्धेत मुलांच्या कुस्तीत देमेत्रियसने तीन वेळा पडून हार मानायची आणि त्याबद्दल ३८०० द्राख्मा घ्यायचे. शब्द फिरवला तर तीन टॅलंट, म्हणजे १८ हजार द्राख्मा, दंड. नूरा कुस्ती, पण रीतसर करारनाम्यासकट!

भारताचा उल्लेख कुठे येतो?

सर्वात मोलाचा कागद व्हिएन्नात आहे. इ.स. दुसऱ्या शतकातला, १९८५ मध्ये प्रसिद्ध झालेला. एका बाजूला केरळच्या मुझिरिस बंदराच्या सफरीसाठी घेतलेल्या कर्जाचा करार. माल तांबड्या समुद्राच्या किनाऱ्यावरून उंटांनी कोप्तोसला, तिथून नाईलमार्गे अलेक्झांड्रियाच्या सरकारी गोदामात आणायचा, त्यावर २५ टक्के जकात. दुसऱ्या बाजूला हर्मापोलोन नावाच्या जहाजाच्या मालाची किंमत: गंगेकडची जटामांसी, हस्तिदंत वगैरे, मिळून जवळपास ७० लाख सेस्टर्स, म्हणजे रोमन नाणी. एका जहाजाचा माल!

महाराष्ट्राचं नाव घेणारा एखादा असाच कागद असता तर बहार झाली असती. याच काळात कार्ल्याच्या चैत्यगृहात ‘यवन’ दात्यांनी खांब दिल्याचे लेख आहेत, पण त्यांची नावं भारतीय वळणाची आहेत आणि ते खरे ग्रीक होते का यावर अभ्यासकांचं एकमत नाही. ऑक्सिरिंकसमध्ये मात्र एका प्रहसनाची प्रत मिळाली आहे, त्यात भारताच्या किनाऱ्यावर अडकलेली ग्रीक मुलगी आणि अगम्य भाषेत बोलणारे स्थानिक आहेत. ती भाषा कन्नड असल्याचं १९०४ मध्ये हुल्ट्श यांनी सुचवलं. मला ते संवाद मुद्दाम रचलेली बडबड वाटतात, पण कन्नडवाल्यांचा पक्ष अजून हटलेला नाही.

एआयने वाचलेल्या जळक्या गुंडाळ्या त्या याच का?

नाही. त्या इटलीतल्या हर्क्युलेनियमच्या, इ.स. ७९ च्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात कोळसा झालेल्या. न उलगडता क्ष-किरणांनी वाचल्याबद्दल २०२४ मध्ये सात लाख डॉलरचं बक्षीस दिलं गेलं. तंत्र थक्क करणारं आहे, पण ती एका श्रीमंताची ग्रंथांची खोली; आतापर्यंत वाचलेलं बहुतेक तत्त्वज्ञान आहे. मसूरवाला तिथे भेटायचा नाही.

यावरून ‘प्राचीन ग्रीकांचं जीवन’ कळतं असं म्हणता येईल का?

जपून. हे जीवन इजिप्तचं आहे, अथेन्सचं नाही. त्यातही कोरड्या पट्ट्यातल्या गावांचं. ज्याची जमीन होती, ज्याच्यावर सारा होता, ज्याला भांडायला आणि लेखनिकाला द्यायला पैसे होते, तो कागदावर आला. गुलाम बहुधा विकली गेलेली वस्तू म्हणून येतो. शिवाय सुखाने नांदणाऱ्या शेजाऱ्यांनी अर्ज केला नाही. तक्रारीच वाचत बसलं तर सगळा देश सतत हमरीतुमरीवर आलेला वाटतो. आणि इजिप्शियन भाषेतल्या डेमोटिक लिपीतले कागद बाजूला ठेवले तर अर्धी बाजूच ऐकू येते. ते वाचणारे ग्रीक वाचणाऱ्यांपेक्षा कितीतरी कमी आहेत.

घरबसल्या वाचता येतील का?

हो. ‘पपायरी डॉट इन्फो’ या संकेतस्थळावर हजारो दस्तऐवजांचा मूळ मजकूर, अनेकांची छायाचित्रं आणि काहींची इंग्रजी भाषांतरं मोफत आहेत. ऑक्सिरिंकसच्या खंडांतही इंग्रजी भाषांतर असतं. ग्रीक येत नसेल तर खासगी पत्रांपासून सुरुवात करा, जमिनीच्या मोजणीपासून नव्हे.

इजिप्तला गेल्यावर एखादा पपायरस विकत घेऊ का?

रंगीत चित्रांचा नवा घ्या की, फक्त तो खराच पपायरस आहे ना ते बघा. केळीच्या सोपटाचे स्वस्त नकली तुकडे सर्रास खपवतात. ‘जुना आहे’ म्हणून कोणी कुजबुजत दाखवला तर मात्र हात लावू नका. १९८३ च्या कायद्याने इजिप्तमधून पुरावस्तूंचा व्यापार आणि निर्यात बंद आहे, आणि अशा बाजारात वस्तू एकतर बनावट असते किंवा चोरीची. मोठ्या संस्थाही यात पोळल्या आहेत: ऑक्सिरिंकसच्या साठ्यातले तुकडे परवानगीशिवाय बाहेर गेल्याचं २०१९ मध्ये उघड झालं आणि त्यांतले १३ वॉशिंग्टनच्या बायबल संग्रहालयात निघाले. ते परत करायचं ठरलं.